भिंतीची गोधडी

शिवणकाकूंच्या खोलीची एक भिंत पश्चिमेकडची. उन्हाळ्यात दुपार कलली की ती अशी तापायची, की शिवणयंत्राच्या चाकालाही घाम फुटावा. खाली मुलाचं टायरचं दुकान. तो दरवर्षी म्हणायचा, "आई, मशीन खाली आण."

"टायरच्या वासाचे फ्रॉक कोण घालेल, तुझी बायको?"

यंदा मात्र मुलानं निक्षून सांगितलं होतं: खोली तापली तर मशीन खाली. म्हणून इमारतीतल्या भिंतींना आतून नवे पॅनेल बसवणाऱ्या फिटरला काकूंनी जिन्यातच गाठलं.

"यात मेणासारखं काहीतरी भरलंय काकू. दिवसा ते वितळतं आणि ऊन पिऊन घेतं. उष्णता साठवतं."

"साठवतं? माझ्या भिंतीत?"

"हो. म्हणून खोली थंड."

"अरे, भट्टीही साठवते की! ती थंड असते का?"

फिटर लगबगीनं शिडी चढला. तिथवर प्रश्न पोचत नव्हते.

पहिले काही दिवस खोली खरंच गार राहिली. काकू चक्रावल्या, पण हरखल्याही. आता हा गारवा जपायला हवा! त्यांनी चिंध्या जोडून भिंतीएवढी जाड गोधडी शिवली, खिळ्यांवर टांगली आणि संध्याकाळ झाली की खिडक्या गच्च लावू लागल्या.

आठवडा सरायच्या आत खोलीची भट्टी झाली.

"सासूबाई, भिंतीला हुडहुडी भरली होती का?" सुनेनं विचारलं. मागोमाग मुलगा मशीन बांधायला दोरी घेऊन हजर.

काकूंनी खिडकीतून फिटरला हाक मारली. त्यानं आत येऊन गोधडी पाहिली आणि कपाळावर हात मारला. "काकू! दिवसभर प्यायलेलं ऊन या भिंतीनं रात्री सोडायचं कुठे? तुम्ही तिचं तोंडच बांधलंत! मेण रात्री गोठलं, तरच दुसऱ्या दिवशी वितळणार ना?"

"म्हणजे गारव्यासाठी रात्री खोलीत गरमी सोडायची?"

"आणि खिडक्या उघड्या ठेवायच्या."

"माझं डोकं वितळलं बाबा!"

"आई, मशीन उचलू?" मुलगा दोरी धरून उभाच.

"दोन दिवस थांब. मग उचल हवं तर."

गोधडी उतरली, खिडक्या उघडल्या. ठरल्या दुपारी मुलगा वर आला, तेव्हा काकू भिंतीला पाठ टेकून बटणं लावत होत्या. त्यानं भिंतीवर तळवा ठेवला. काढला. पुन्हा ठेवला.

"गार आहे गं! कसं काय?"

"मला काय विचारतोस? माझं भट्टीचं कोडं अजून सुटलेलं नाही." काकूंनी त्याच्या हातातली दोरी घेतली, दोन खिळ्यांना बांधली आणि तयार फ्रॉक तिच्यावर टांगायला लागल्या. मधेच थांबल्या.

"पण रात्री ही भिंत ऊन सोडते, ते जातं कुठे रे? शेजारणीकडे तर नाही ना?"