जोशी सरांना पाठवायचं राहिलेलं पान
"सर गेले रे…" जोशी काकू फोनवर एवढंच बोलल्या, आणि माझ्या मनात सगळ्यात आधी आलं ते न पाठवलेलं पान.

बुलडाण्याच्या शाळेत जोशी सरांनी मला इंग्रजी शिकवलं. मी देऊळघाटचा, आमच्या घरातून कॉलेजात जाणारा पहिलाच. फॉर्म कसा भरायचा इथपासून सगळं त्यांनी दाखवलं. निवृत्तीनंतर मात्र सर एका लॅटिन क्रियापदामागे लागले. क्वेरेरे, म्हणजे शोधणं, विचारणं. रद्दीत मिळालेल्या शब्दकोशात ते त्यांना भेटलं होतं, आणि लॅटिनपासून झालेल्या भाषांत त्याचं काय झालं हे त्यांना पाहायचं होतं. मी नोकरीला पुण्यात. तिथल्या ग्रंथालयातल्या शब्दकोशांतली पानं हातानं उतरवून पोस्टानं पाठवायची, हे माझं काम. मोबाइलवर फोटो पाठवतो म्हटलं तर म्हणत, "फोटो काढणारा वाचत नाही बे. लिहिलं म्हंजे तुलेही समजते."

इटालियनमध्ये त्याचं क्येदेरे झालं. अर्थ विचारणं, मागणं. फ्रेंचमधलं केरीर जुनाट झालं. जाऊन घेऊन येणं, एवढाच अर्थ उरला. स्पॅनिशमधलं केरेर म्हणजे हवं असणं, प्रेम करणं. त्या पानावर सर बरेच दिवस थांबले. "विचारता विचारता माणूस जीव लावते, पाहा," शेवटच्या भेटीत ते म्हणाले. "आता रोमानियन राह्यलं. लवकर पाठवजो." मी हो म्हणालो. उतरवलंही. पण पाकिटात घालून पोस्टात टाकायला तीन आठवडे सवड काढली नाही…

ते पान घेऊनच भेटायला गेलो, तेव्हा काकूंना हे सांगून टाकलं. "रोज पोस्टमनले विचारत होते," त्या म्हणाल्या. मला मान वर करवेना. मग काकूच जराशा हसल्या. "साऱ्या जगाचं विचारणं शोधलं बाप्पा या माणसानं. मले कधी विचारलं का, तुले काय पाह्यजे म्हणून?"

"काकू, तुम्हाले काय पाह्यजे?"

त्यांनी पदरानं चष्मा पुसला.

"ते पान वाच."

मी वाचू लागलो. "चेरे. अर्थ, मागणं…"

"थांब," काकूंनी मला अडवलं. "मागणं म्हंजे हात पसरून, का हक्कानं?"

मी उतरवलेल्या पानात ते नव्हतं. पुण्याला परतल्यावर दुसऱ्याच दिवशी ग्रंथालयात गेलो. दोन्ही अर्थ निघाले. हातानं लिहून काढले, आणि पाकिटावर पहिल्यांदाच काकूंचं नाव घातलं.