टेपताईंनी घर आधी पाहिलं, कागद नंतर

...तर दार उघडलं आणि टेपताईंच्या हातातली मोजपट्टी हातातच राहिली. समोर त्यांचे सख्खे मामा!

घरांची किंमत ठरवणाऱ्या या बाईंची एक रीत होती. बँकेनं पाठवलेल्या कागदांतला फक्त पत्ता वाचायचा, बाकीचं घर पाहून झाल्यावर. मालकानं सांगितलेला आकडा आधीच डोक्यात बसू नये, म्हणून. या रीतीची त्यांना भारी ऐट! आज तीच अंगाशी आली. हे घर घ्यायला कर्ज कुणी मागितलंय, हे वाचलंच नव्हतं.

"अगं, तूच आलीस? नशीबच उघडलं!" मामा हरखले. "तुझ्या मामीचे गुडघे गेलेत. तळमजला शोधून शोधून चपला झिजल्या माझ्या. तुला चकित करणार होतो."

कायदा साफ होता: नात्यातल्या माणसाच्या व्यवहारात किंमत ठरवायची नाही. नातं कळताक्षणी बँकेला लेखी कळवायचं आणि बाजूला व्हायचं. लपवलं तर परवाना जाणार आणि अहवालही बाद.

टेपताईंनी उंबऱ्याबाहेरूनच बँकेला 'दुसरं कोणी कधी येऊ शकेल?' एवढाच संदेश धाडला; नात्याचं पत्र त्यानंतर लिहायचं होतं. लगेच फोन आला. दुसरा मूल्यांकनकार परवाशिवाय मिळणार नव्हता. टेपताईंनी मामांना कायदा आणि ही अडचण दोन्ही सांगितलं.

"परवा?" आतून घराचा मालक बाहेर आला. "दुसरं गिऱ्हाईक संध्याकाळी विसार घेऊन येतंय. अहो ताई, तुमची आडनावं वेगळी. कोणाला पत्ता लागतोय? करा की सही!"

"शहाणं बोलताय," मामा म्हणाले. मग भाचीकडे वळले. त्यांचा आवाज चढला होता. "चिखलातनं सायकलवर डबलसीट शाळेत नेलं तुला. तेव्हा विचारला होता का मी कायदा?"

टेपताईंचे दोन्ही पाय पायपुसण्यावर. ना आत, ना बाहेर.

मालकानं घड्याळाकडे पाहिलं आणि खिशातून फोन काढला. "मग बोलावू त्या गिऱ्हाइकाला?"

"थांबा हो जरा!" मामांनी त्याचा हातच धरला. "अगं, एका सहीनं तुझं काय जातंय? बोल ना काहीतरी!"

"मामा, माझं जाऊ द्या. आज सही केली तर घर मिळेल, पण नातं उघडं पडलं की बँक सगळे पैसे एकदम परत मागेल. मग मामीला घेऊन कुठं जाणार? हवं तेवढं बोला मला, मी इथंच उभी आहे. सही मात्र नाही करणार."