कलातचा लालबख्श

नातसुनेनं आज खडा हिंग कुटला आणि त्या उग्र वासासरशी मला आमच्या आमगावच्या ओसरीवर बसलेला लालबख्श दिसला. तो बलोच, बलुचिस्तानातल्या कलात संस्थानातला. दर हिवाळ्यात हिंग विकायला यायचा आणि आमच्याकडेच उतरायचा.

सत्तेचाळीस साली तो उधारी वसूल करायला पावसाळाभर थांबला होता. तेवढ्यात फाळणी झाली आणि बाजारात लोक त्याच्याकडे वाकड्या नजरेनं बघू लागले. बाबा घाबरले. म्हणाले, "भाई, येथं कायले थांबून राहिलास? आता आपल्या मुलखात जाय, पाकिस्तानात."

लालबख्शनं हातातला पाण्याचा गडवा खाली ठेवला. "मालिक, कलात पाकिस्तान में नहीं है. हमारे खान ने अलग झंडा लगाया है. और रास्ते में लोग कट रहे हैं. थोड़े दिन यहीं रहने दो."

बाबा रोज पेपर वाचत. तो खरं बोलतोय, हे त्यांना ठाऊक होतं. तरी ते म्हणाले, "माझ्या घरी लेकरंबाळं आहेत, भाई."

तो हिंगाची पोतडी घेऊन उठला. आईनं पोह्यांची पुरचुंडी दिली, बाबांनी त्याला गाडीत बसवलं. बाबांनी त्याला वाचवलं, असंच तेव्हा मला वाटलं होतं. आता वाटतं, आम्ही फक्त आमची भीती गाडीत बसवून दिली.

पुढच्या उन्हाळ्यात कलातही पाकिस्तानात गेल्याची बातमी आली.

"म्हंजे आता तं तो आपल्या मुलखातच आहे ना?" आईनं विचारलं.

बाबा पेपरातून मान वर न करता म्हणाले, "पोचला असंल तं."