पिंप्राळ्याच्या बंद घरातला माठ

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. धुळ्यात तीस वर्षं विज्ञान शिकवलं. वर्गातल्या कवटीला घाबरणाऱ्या पोरींना मीच हसायचे. आजही मी घाबरलेली नाहीये. चिडलेली आहे.

आबा, म्हणजे माझे वडील, दिवाळीनंतर गेले. आई आधीच गेली होती. मागे राहिलं जळगावात पिंप्राळ्याचं चार खोल्यांचं घर आणि आम्ही दोघं, मी आणि मोठा भाऊ. तेराव्यालाच भाऊने माझ्यापुढे एक साडी ठेवली. साडीखाली हक्कसोड पत्र, टाइप करून तयार!

"शैला, सही करी टाक. बठ्ठ्या बहिणी करतात."

"सगळ्या करत असतील. आधी घराची किंमत काढ," मी म्हटलं. "मग बघू."

भाऊने घराला नवं कुलूप लावलं, चावी स्वतःच्या खिशात ठेवली, पाण्याचं कनेक्शन तोडून टाकलं आणि मेपर्यंत गप्प बसला. मग एकदम फोन – "व्हॅल्युअर येतोय, ये."

सकाळी साडेनऊला एसटीतून उतरले. स्टँडवर घ्यायला भाऊच आला होता, हे लक्षात ठेवा. तिथून थेट घरी. दारात व्हॅल्युअरची गाडी उभी, काचेवर 'शासनमान्य' अशी हातभर पाटी. साहेबांकडे गॉगल, खिशाला तीन पेनं आणि भिंतीवर लाल ठिपका पाडणारं मोजयंत्र. भिंतीवर टकटक करून ते असा कान लावत होते, जणू भिंतीला दमा आहे.

भाऊ त्यांच्या मागे मागे. "साहेब, घर जुनं शे. बठ्ठं गळतं. सहा महिने बंद पडलंय. रिकामं लिहा, पडीक लिहा."

म्हणजे किंमत पडेल आणि माझा अर्धा वाटा चिल्लरीत सुटेल. समजत होतं मला. मी दात ओठ खात हॉलमध्ये उभी होते. फरशीवर बोटभर धूळ, त्यात फक्त आम्हा तिघांच्या चपलांचे ठसे.

साहेब एकटेच स्वयंपाकघरात गेले आणि रुमालाने तोंड पुसत बाहेर आले.

"ताई, पाणी काय गार आहे हो! वाळा घातलाय ना?"

मी आणि भाऊ एकदमच आत धावलो. तिवईवर आबांचा माठ. गळ्यापर्यंत भरलेला. भोवती गुंडाळलेलं फडकं ओलं, त्यातून थेंब ठिबकत होते... जळगावच्या मे महिन्यात असं फडकं दोन तासांत कोरडं होतं. मी नळ उघडला. फुस्स झालं आणि एक झुरळ बाहेर पडलं. मागचं दार आतून कडी लावलेलं, कडीवर जळमटं.

भाऊ पांढरा पडला होता. पण किती वेळ? मिनिटभर. मग म्हणाला, "डुप्लिकेट चावी केलीस ना तू?"

"अरे, स्टँडवरून तूच आणलंस ना मला?"

"मग माणूस पाठवला असशील!"

"आणि तो माणूस धुळीवरून काय, उडत गेला?"

साहेब लगबगीने गाडीकडे निघाले होते. गॉगल ओट्यावरच विसरले.

आठ दिवसांनी रिपोर्ट आला. ताबा या रकान्यात लिहिलं होतं, 'घर वापरात आहे.' किंमत बाजारभावाने, जरासुद्धा कमी नाही. भाऊने फोनवर आरडाओरडा केला म्हणे. मीही साहेबांना फोन लावला.

ते हळूच म्हणाले, "मॅडम, मी तिथं दोन ग्लास पाणी प्यालोय. रिकामं कसं लिहू?"

पाटीवाल्या माणसाकडून एवढ्या सरळपणाची मी अपेक्षा केली नव्हती.

त्यानंतर भाऊच्या वकिलाची नोटीस आली – मी बंद घरात चोरून शिरून माठ भरला, म्हणून! साठीला आलेली बहीण, गुन्हा काय, तर पाणी भरलं!

माठ कोणी भरला, मला माहीत नाही. खूप विचार केला, एकही कारण टिकलं नाही. कोणाला सुचलं तर जरूर लिहा. भाऊ असा का वागला, ते मात्र नीट कळतं. त्यात अमानवीय काहीच नाही.

नोटिशीला मी एका ओळीचं उत्तर पाठवलंय : अर्धं घर माझं आहे, सही होणार नाही.