आभाराच्या यादीतून परत

बरा झाल्याची साक्ष मी ज्या रविवारी दिली, त्यानंतरच्या तिसऱ्या आठवड्यात माझी झोप पुन्हा गेली. साक्ष खोटी नव्हती. दोन वर्षांच्या उदासीनंतर गोळ्यांनी आणि मंडळीच्या प्रार्थनेने मला खरोखर बरं वाटू लागलं होतं. सोलापुरातल्या आमच्या चर्चमध्ये उभं राहून मी ते सांगितलं. गोळ्यांचा उल्लेख तेवढा टाळला. उल्लेख टाळलेली गोष्ट घेत राहणं मग बरं दिसेना, म्हणून त्याच संध्याकाळी गोळ्या बंद केल्या. डॉक्टरांना विचारलं नाही.

आमच्याकडे उपासनेत दोन याद्या वाचतात, एक आजाऱ्यांची, दुसरी आभाराची. साक्ष दिली की नाव पहिलीतून दुसरीत जातं. तिथून परत आलेला माणूस मी पाहिला नव्हता. इकडे छातीत धडधड सुरू झाली, जेवण जाईना, सकाळी उठायचं कशासाठी, हा प्रश्न रोज पडू लागला. चर्चच्या दारात लोक हात धरून म्हणत, "दादा, तुमच्या साक्षीनं लई बळ मिळालं." मी मान डोलवायचो. घरी येऊन प्रार्थना करायचो, की प्रभू, काहीतरी कर, पण कोणाला कळू देऊ नकोस.

शेवटी मी बार्शी गाठली. सोलापुरात मनाचे डॉक्टर आहेत, पण त्यांच्या जिन्यावर मंडळीतलं कोणी भेटलं असतं. बार्शीच्या दवाखान्यात बाकावर बसलो आणि समोर सरोजबाई दिसल्या. सरोजबाई म्हणजे आमच्या महिला मंडळाच्या प्रमुख, निवृत्त शिक्षिका. दोन्ही याद्या त्यांच्याच हस्ताक्षरात असतात. डोक्यावर पदर आणि डोळ्यांवर काळा चष्मा होता.

"सलाम, बाई."

"सलाम. कुणाला घेऊन आलात?"

"मामांना. चहाला गेलेत."

"मी बहिणीला. ती पण बाहेर हाय."

आम्ही भिंतीकडे पाहत बसलो. तेवढ्यात कंपाउंडर दारातून ओरडला, "सोलापूरचं पेशंट कोन हाय? चला!" आम्ही दोघंही उभे राहिलो. त्याने आळीपाळीने पाहिलं. "दोगं एकाच घरचं का?"

सरोजबाईंनी चष्मा काढला. "व्हय," म्हणाल्या. मग मला खाली बसवलं आणि वर्गात विचारावं तसं विचारलं, "गोळी बंद केलीस?"

"साक्ष दिल्यावर. तुम्हीच तर टाळ्या वाजवल्या."

"टाळ्या साक्षीला वाजवल्या, शहाण्या. मी नऊ वर्षं घेतेय."

"मग कधी सांगितलं का नाही?"

त्यांनी चष्मा पर्समध्ये ठेवला. "आधी वाटायचं, प्रभू काय म्हणेल. मग लक्षात आलं, त्याला ठाऊकच हाय की. भीती महिला मंडळाची होती." महिला मंडळ त्यांच्याच शब्दावर चालतं, हे मी बोललो नाही. त्यांनी डोळे मिटून तिथेच माझ्यासाठी प्रार्थना केली आणि रांगेतला आपला नंबर मला दिला. कंपाउंडर "आमेन" होईपर्यंत थांबला, मग म्हणाला, "झालं का? साहेब वाट बघतायत."

डॉक्टर रागावले, गोळ्या पुन्हा सुरू केल्या आणि विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत असं दोनदा बजावलं. फरक पडायला काही आठवडे लागले.

फरक पडण्याआधीच एका रविवारी चर्चमध्ये मी उभा राहून म्हणालो, माझं नाव पुन्हा आजाऱ्यांत घ्या, मी गोळ्या घेतो. सरोजबाईंनी पेन काढलं, माझं नाव लिहिलं आणि खाली स्वतःचंही लिहून मोठ्याने वाचलं. उपासना संपल्यावर कोणी माझा हात धरून बळ मिळाल्याचं सांगितलं नाही. तिघांनी मात्र वेगवेगळ्या कोपऱ्यात गाठून डॉक्टरांचा पत्ता विचारला. तिघांनाही तो कोण्या नातेवाइकासाठी हवा होता.

आता मला झोप लागते. बार्शीच्या त्या बाकावर काय घडलं, याचा अर्थ लावायला मी जात नाही. इतकं कळलं, की मी देवाकडे मदत मागत होतो आणि ती कोणत्या दाराने यावी हेही मीच ठरवत होतो. ते ठरवणं सोडलं. रोज रात्री गोळी तळहातावर घेऊन त्याचे आभार मानतो आणि पाण्याबरोबर गिळतो.