सात तारा आणि एक वायर

उजुंगबरुंगच्या बाजारामागे एंगकोसचं दुकान आहे. आतून शिवणयंत्राचा आवाज येतो, म्हणून नवखे लोक आखूड करायला पँटी घेऊन येतात. एंगकोस त्यांना शेजारच्या शिंप्याकडे पाठवतो आणि पुन्हा यंत्राकडे वळतो. त्या यंत्राच्या मोटरवर तो केसाहून बारीक तांब्याची तार गुंडाळत असतो. आठ हजार वेढे, आत लोहचुंबक, वरून मेण, की झाला पिकअप. गिटारच्या तारांखाली तो बसवला, की तारेची थरथर विजेत उतरते आणि अॅम्प्लिफायरमधून गर्जना होऊन बाहेर पडते. बांडुंगच्या या पूर्वेकडच्या वस्त्यांत हेवी मेटल वाजवणाऱ्या पोरांना एंगकोसच्या हातचाच पिकअप हवा असतो.

एंगकोस एक्कावन्न वर्षांचा आहे. लग्न केलं नाही. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी टेस्टर असतो. कुठेही स्टेज दिसलं की तो मायकाला टेस्टर टेकवून बघतो. मशिदीतला मायकही त्याने सोडलेला नाही. पोरं त्याला वीजबोर्डाचा जावई म्हणतात. तो हसतो आणि पुढचा मायक बघतो.

कोरड्या ऋतूच्या सुरुवातीला गिलार त्याच्याकडे आला. हा यायातचा मुलगा, बुटांच्या कारखान्यात कामाला. यायात आणि एंगकोस एकाच बँडमधले. यायात गायचा आणि गिटार वाजवायचा, एंगकोस त्याची गिटार सांभाळायचा. त्या नात्याने गिलार त्याला उवा, म्हणजे थोरला काका म्हणतो. आता गिलारचा स्वतःचा बँड होता, तोही बापासारखाच गात वाजवायचा, आणि त्याला सात तारांची गिटार हवी होती.

गिटार निवडताना दोघांचं छान जमलं. पहिलीची मान आखूड होती. तिची सातवी, सगळ्यात जाड तार वाळत घातलेल्या सारोंगसारखी लोंबत होती. दुसरी इतकी जड, की गिलार म्हणाला, ही वाजवायला म्हैस भाड्याने घ्यावी लागेल. तिसरीचं अंग महोगनीचं, पट्टी शिसवीची आणि मान पहिलीपेक्षा दोन बोटं लांब. सातवी तार छेडली तशी टेबलावरच्या कपातली कॉफी थरथरली. हीच, असं दोघं एकदमच म्हणाले.

गाडी अडली ती पिकअपपाशी.

"तुमच्या हातचे लावा उवा. बाबांच्या गिटारला होते तसे."

"सातव्या तारेला माझा पिकअप पुरत नाही. बॅटरीवर चालणारे बसवतो."

"चिलेउन्यीच्या पोराला बरा पुरला? मलाच बॅटरीचा डबा. मी काय टॉर्च घ्यायला आलोय?"

एंगकोसने मान खाली घालून स्क्रू पिळायला घेतला. पोराचं खरं होतं. चिलेउन्यीच्या पोराला त्याने दोनच महिन्यांपूर्वी सात तारांचा पिकअप गुंडाळून दिला होता. पण ते पोर गात नव्हतं.

हाताने गुंडाळलेला पिकअप घोंघावतो. ते थांबवण्यासाठी गिटारच्या पोटातून एक वायर तारांच्या खालच्या घोडीला जोडावी लागते. मग वाजवणाऱ्याने तारांना हात लावला की घोंघावणं थांबतं. पण त्या वायरीमुळे तारा थेट अॅम्प्लिफायरच्या लोखंडाला जोडल्या जातात. त्या लोखंडात वीज उतरली आणि तिला जमिनीत नेणारं अर्थिंग नसेल, तर ती वाजवणाऱ्याच्या बोटांपर्यंत येते आणि पुढे वाट शोधते. ओठ मायकाला लागले की तिला वाट मिळते. बॅटरीच्या पिकअपला ही वायर लागतच नाही.

चोवीस वर्षांपूर्वी पासिर लोआ गावात झऱ्याशेजारच्या मैदानावर त्यांचा कार्यक्रम होता. दुपारी अॅम्प्लिफायर फार घोंघावत होता. एंगकोसने प्लग उघडला, अर्थिंगची पिवळी-हिरवी वायर काढून टाकली आणि आवाज स्वच्छ झाला. असं सगळेच करतात. यायातने त्याची पाठ थोपटली. तिसऱ्या गाण्यात यायात मायकाला चिकटला, कोसळला आणि पुन्हा उठला नाही. लोक त्याला उचलून नेत होते तेव्हा एंगकोस अॅम्प्लिफायरमागे बसून ती वायर पुन्हा जागेवर कसत होता. पोलिसांना प्लग ठीकठाक सापडला. चौथ्या दिवशी गावातले म्हातारे म्हणाले, झऱ्याला न विचारता मांडव घातला, त्याचं हे फळ. लोकांना ते पटलं. एंगकोसने मूग गिळले. यायातची बायको एउइस तेव्हापासून दर गुरुवारी संध्याकाळी झऱ्यावर काळी कॉफी आणि फुलं ठेवून माफी मागते. फुलं एंगकोस आणून देतो.

त्याने गिलारला बॅटरीचेच पिकअप बसवून दिले. गिलारने गिटार घेतली, आभार मानले, पण चेहरा उतरलेलाच होता.

दोन महिन्यांनी गिलारच्या बँडला पासिर लोआचं बोलावणं आलं. तेच मैदान, वार गुरुवार. एंगकोस बोलावणं नसताना दुपारीच तिथे पोहोचला. सकाळी अवकाळी पाऊस पडून गेला होता आणि स्टेजच्या फळ्या ओल्या होत्या. स्टेजपाशी बाला-बाला तळणारीने त्याला गरम भजी दिली आणि सांगितलं, म्हाताऱ्यांनी झऱ्याला रीतसर विचारलंय, या वेळी कशाची भीती नाही.

भजी हातात असतानाच त्याला तो आवाज आला. स्टेजवर गिलार आवाज तपासत होता. अॅम्प्लिफायर माशीसारखा घोंघावत होता. गिलारने तारांवर हात ठेवला. घोंघावणं थांबलं. हात उचलला, पुन्हा सुरू. हात ठेवला, थांबलं.

बॅटरीचा पिकअप असा घोंघावत नाही. तो हात ओळखत नाही.

एंगकोस शिडीवरून वर चढला. गिलारने त्याला बघितलं आणि स्वतःच सांगून टाकलं: दुसऱ्या दुकानात पिकअप बदलून घेतले, हाताने गुंडाळलेले, वाईट वाटून घेऊ नका. एंगकोसने टेस्टर काढला आणि गिटारच्या तारांना लावला. आतला नारिंगी दिवा लागला.

स्टेजचा साउंड सांभाळणाऱ्या आवाजवाल्याला त्यात विशेष वाटलं नाही. घोंघावत होता म्हणून अर्थिंग काढलं, तो म्हणाला, आणि काढलं नसतं तरी गावसभागृहातून ओढलेल्या लाइनला अर्थिंग कुठाय? थोडी झिणझिणी सगळीकडेच असते, चप्पल घालून वाजवायचं.

"गिलार, अॅम्प्लिफायर बंद कर. घोडीची वायर कापू दे मला."

"कापली तर हात ठेवूनही घोंघावत राहील ना?"

"राहील."

"मग नाही. उवा, तुमचा टेस्टर अख्ख्या बांडुंगला माहितीये. लोक हसतात. आणि झऱ्याला विचारलंय या वेळी."

गिलार मायकाकडे वळला. त्याचा डावा हात तारांवर होता. ओठ आणि मायक यांच्यात हातभर अंतर असेल. एंगकोसने अॅम्प्लिफायरचा प्लग ओढून काढला. मैदानावर एकदम शांतता झाली आणि भज्यांचं तेल चुरचुरताना ऐकू येऊ लागलं.

"झऱ्याचा काही संबंध नव्हता," एंगकोस म्हणाला. "तुझ्या बापाच्या वेळी अर्थिंग मी काढलं होतं. याच मैदानावर. आणि तो पडल्यावर मीच ते परत बसवलं, कुणाला कळू नये म्हणून."

आवाजवाला एंगकोसच्या हातातल्या प्लगकडे बघत राहिला. गिलारने गळ्यातली गिटार काढली, पालथी करून फळ्यांवर ठेवली आणि मागच्या झाकणाचे स्क्रू स्वतः सोडवले. एंगकोसने त्याला वायर दाखवली. गिलारने ती पक्कडीने कापली आणि तुकडा खिशात टाकला. मग आवाजवाल्याला प्लग लावायला सांगितला. एंगकोसने तारांना टेस्टर लावला. दिवा लागला नाही. गिलारने तारांवर हात ठेवला. घोंघावणं थांबलं नाही, उलट वाढलं.

"आई दर गुरुवारी कुणाची माफी मागते ते तुम्हाला माहीत होतं," तो एंगकोसकडे न बघता म्हणाला.

"हो."

"आणि फुलं तुम्ही आणता."

"हो."

"आजची आणलीत?"

एंगकोसच्या स्कूटरच्या हँडलला पिशवी अडकवलेली होती. दोघांनाही ती तिथून दिसत होती.

"पाच वाजता ती झऱ्यावर येईल. माझ्या कार्यक्रमासाठी आज दोन कप ठेवणार आहे. तिने ते खाली ठेवायच्या आत तुम्ही तिला सांगायचं. मी नाही सांगणार."

एंगकोस शिडी उतरला. पिशवी न घेताच तो पायवाटेने झऱ्याकडे निघाला, मग चार पावलं मागे आला आणि ती घेतली. पावणेपाच झाले होते. मागे गिलारने गाणं सुरू केलं. गाणं मध्येच थांबलं तरी घोंघावणं मात्र थांबत नव्हतं. ते पार झऱ्यापर्यंत ऐकू येत होतं. पलीकडच्या उतारावरून एउइस हातात थाळी धरून सावकाश उतरत होती. त्याच्या हातात पिशवी दिसली तेव्हा, नेहमीसारखंच, तिने हात वर केला.