झेरॉक्सच्या दुकानात द्यायचं पाकीट

प्रबोध,

तू लिफ्ट धरून ठेवतोस आणि मी मुद्दाम जिन्याकडे वळते, हे एव्हाना तुझ्या लक्षात आलं असेल. गुडघ्यांसाठी करते असं मी सगळ्यांना सांगते. गुडघ्यांचा काही संबंध नाही.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकाची संपादक गार्गी परवा म्हणाली, "काकू, आपल्यातल्याच एखाद्या माणसावर लिहा. आणि प्लीज, कोणी यशस्वी नको, त्यांचं दरवर्षी छापतो." यशस्वी नको म्हटल्यावर मला तू आठवलास. रागावू नकोस. नाव बदललं आहे, मजले बदलले आहेत, गावाचं नाव लिहीतच नाही. लिफ्टवरून तू मात्र स्वतःला ओळखशील, त्याला माझा इलाज नाही. वाचणाऱ्यांना तू कोण हे कळायला हवं, म्हणून थोडा वेळ तुला 'तो' म्हणते.

तर प्रबोध. वय त्रेचाळीस. सिंगापुरात, मरीन परेडला आमच्या इमारतीत सातव्या मजल्यावर राहतो, आम्ही चौथ्यावर. चांगी बिझनेस पार्कातल्या एका बँकेत आकड्यांचं काम करतो. बायको, सातवीतली मुलगी अवनी, भाड्याचा फ्लॅट, आणि सगळ्यांचा मुक्काम त्याच्या एम्प्लॉयमेंट पासवर. तो पास गेला की महिन्याभरात गाशा गुंडाळायचा. त्यामुळे हा माणूस रस्ता रिकामा असला तरी सिग्नलचा हिरवा माणूस दिसेपर्यंत ओलांडत नाही. हॉकर सेंटरमध्ये ट्रे परत ठेवतो, दुसऱ्याचाही ठेवतो.

मी बत्तीस वर्षं पुण्यात संख्याशास्त्र शिकवलं आणि आता मुलाकडे असते. म्हणून गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी तो माझ्याकडे आला, लॅपटॉप काखेत धरून.

"काकू, अक्षर लावायला मदत कराल का? मुलांनी भरलेत फॉर्म. मला अर्धं कळत नाही."

सातारा जिल्ह्यातल्या त्याच्या गावी नगरपालिकेची निवडणूक होती. नगराध्यक्षपद महिलांसाठी राखीव झालेलं. पक्षाच्या तिकिटासाठी तीन बायका इच्छुक होत्या, आणि पक्षाने ठरवलं होतं की गावात सर्व्हे करू, ज्या बाईचं नाव वर येईल तिला तिकीट. सर्व्हेचं काम प्रबोधच्या शाळासोबत्याकडे, संग्रामकडे आलं होतं. कॉलेजची मुलं घरोघर फिरली, फॉर्म भरले, फोटो काढले. संग्रामने ते सगळे प्रबोधकडे पाठवले. गावातल्या कोणाच्या हाती द्यायचे नाहीत, तू लांब आहेस, तुझा कोणाशी संबंध नाही, म्हणून तूच कर. असं त्याचं म्हणणं. आम्हाला ते फार योग्य वाटलं.

सहाशे चाळीस फॉर्म. तीन रविवार आम्ही दोघं आमच्या जेवणाच्या टेबलावर बसलो. मी वाचायचे, तो टाइप करायचा. अवनी मधूनच डोकावायची. "आजी, सो अग्ली लाह, दिस हँडरायटिंग!" मी म्हणायचे, तुझ्या बापाचं याहून वाईट आहे.

शेवटचा प्रश्न होता, 'हीच उमेदवार का?' तिथे लोकांनी काय काय लिहिलं होतं! जयवंती नावाच्या बाईंबद्दल तर पानंच्या पानं. या बाईंचं तहसील कचेरीसमोर झेरॉक्सचं दुकान आहे. 'फॉर्म फुकट भरून देते.' 'ओरडते पण काम करते.' 'म्हाताऱ्यांना खुर्ची आहे तिच्याकडे.' 'नवऱ्याच्या दाखल्यासाठी माझ्याबरोबर अकरा वेळा कचेरीत आली.' 'फॉर्म चुकला तर पदरच्या पैशाने नवा आणते.' मी वाचता वाचता थांबले, तर हा खिडकीबाहेर बघत होता.

"माझा स्कॉलरशिपचा फॉर्म त्यांनीच भरला होता, काकू. पासपोर्टचाही. वडील कंपाउंडर, त्यांना इंग्रजी यायचं नाही. बाई म्हणाल्या, पैसे नको, पोस्टकार्ड टाक पोचल्यावर."

"टाकलंस?"

"राहून गेलं."

बेरीज अशी झाली. जयवंतीबाई दोनशे एक्क्याण्णव. एक डॉक्टरीणबाई, एकशे ऐंशी. एका बिल्डरची बायको, सत्त्याण्णव. बाकीचे बहात्तर 'माहीत नाही'वाले. मी दोनदा तपासली. त्याने फाइल पाठवली आणि आम्ही चहा घेतला. तो इतका खुशीत होता की त्या दिवशी त्याने साखर घातली.

दहा-बारा दिवसांनी तो पुन्हा आला. या वेळी नुसता फोन घेऊन. संग्रामने पक्षाच्या बैठकीतला फोटो पाठवला होता. भिंतीवर आमचाच तक्ता. बिल्डरच्या बायकोसमोर दोनशे एक्क्याण्णव, जयवंतीबाईंसमोर सत्त्याण्णव. आकड्यांना हात लावला नव्हता, फक्त दोन नावांची जागा बदलली होती. निदान नवे आकडे तरी काढायचे होते, आळशी मेले!

"लाव त्याला फोन," मी म्हटलं. "स्पीकरवर."

संग्राम हसत होता. "अरे प्रब्या, सर्व्हे काय फुकट होतो? पोरांना जेवणखाण, गाड्या, पेट्रोल. ज्याने खर्च केला त्याचं नाव वर असणारच की."

"खर्च पक्षाने केला ना?"

"पक्ष? पक्ष कधी खर्च करतो का? पक्ष घेतो. मुलाखतीत पहिला प्रश्न काय विचारला माहितेय? तुम्ही किती खर्च करू शकता. तुझी झेरॉक्सवाली म्हणाली, कायद्यात बसेल तेवढा. सगळे हसले. तिथंच संपलं होतं रे तिचं."

"मी सांगणार आहे. मूळ फाइल आहे माझ्याकडे."

"सांग की. आधी आईला विचार, दिवाळीचे साठ हजार कुठल्या खात्यातून आले."

ते साठ हजार संग्रामने 'मावशीला दिवाळी' म्हणून प्रबोधच्या आईला पाठवले होते. प्रबोधने नको नको म्हटलं होतं, पण फार जोरात नाही. हे त्यानेच मला सांगितलं. त्याने आईला फोन लावला. म्हातारीने चष्मा शोधला, फोन शोधला, बँकेचा मेसेज शोधला आणि मोठ्याने वाचलं. बिल्डरच्या कंपनीचं नाव.

"कोण रे हे? चांगली माणसं दिसतात. त्यातून मी कानाची मशिनं आणली ना. आता तू हळू बोललास तरी ऐकू येतं."

तो हळूच बोलत होता.

मी म्हटलं, परत कर पैसे. तो म्हणाला, कसे? त्याच्या खात्यातून बिल्डरला पाठवले तर सिंगापूरहून ऐन निवडणुकीत बिल्डरला पैसे गेले अशी नोंद होणार. आईच्या खात्यातून पाठवले तर घेतल्याची कबुली. बँकेला न सांगता बाहेरचं काम केलं, त्याबद्दल घरात पैसे आले, तेही तिकडच्या राजकारणातले; कळलं तर नोकरीच जाणार. त्याचा पास पुढच्या जूनमध्ये नव्याने व्हायचा होता. मी इतकी वर्षं मुलांना शिकवलं की आकडे खोटं बोलत असतील तर उठून उभं राहा. त्या दिवशी मला उठून फक्त चहाचं आधण ठेवता आलं.

डिसेंबरात बिल्डरची बायको निवडून आली. जानेवारीत मी पुण्याला निघाले तेव्हा तो खाली टॅक्सीपर्यंत आला. हातात खाकी पाकीट. त्यात खरा तक्ता आणि जयवंतीबाईंबद्दल लोकांनी लिहिलेली सगळी उत्तरं, सोळा पानं.

"पोस्टाने नको, व्हॉट्सअॅपवर तर नकोच. हातात द्या. पुण्याहून एसटीने अडीच तास लागतात. दुसरं काही करू नका, काकू. नुसतं कळू दे त्यांना की गावाला त्या हव्या होत्या."

"आणि तुझं नाव विचारलं तर?"

"सांगा किंवा नका सांगू." मग टॅक्सीचं दार लावताना म्हणाला, "पोस्टकार्ड समजा."

आता पुन्हा तुझ्याशीच बोलते, प्रबोध. हे तुला मी सांगितलेलं नाही.

मी गेले होते. एसटीने गेले, तहसील कचेरीसमोर उतरले, दुकान लगेच सापडलं. हयातीच्या दाखल्यासाठी आधारची झेरॉक्स हवी म्हणून आत शिरले. त्या माझ्याच वयाच्या आसपासच्या, केस आखूड कापलेले, तोंड तिखट. "बसा की बाई. कुठल्या म्हणायच्या तुम्ही?" मला खुर्ची मिळाली. मग माझं लक्ष भिंतीवरच्या नव्या पाटीकडे गेलं. 'फॉर्म भरण्याचे पन्नास रुपये. आधी द्यावेत.' एक म्हातारा मुंडाशातून नोटा काढत होता आणि बाई मशिनकडे बघत होत्या, त्याच्याकडे नाही.

"आधी फुकट भरायच्या म्हणे तुम्ही?" मी विचारलं. माझी जीभ मला कधी विचारून हलत नाही.

"तीस वर्षं. मग पक्षानं सर्व्हे केला, शास्त्रशुद्ध. सहाशे चाळीसात सत्त्याण्णव लोकांना मी पाहिजे होते. म्हटलं, बरं झालं कळलं. आता प्रत्येक फॉर्म पन्नास."

माझा हात पर्समध्ये होता. पाकिटाची कड बोटांना लागत होती. आणि तेवढ्यात त्याच पुढे बोलल्या, अगदी शांतपणे.

"खोटा असेल असं सून म्हणते. म्हटलं, एक कागद दाखव. एक कागद हातात आला ना बाई, तर कोर्टापर्यंत जाईन. कुणी मोजलं, कुणी पैसे घेतले, एकेकाला उभं करीन पिंजऱ्यात. फॉर्म भरण्यात तीस वर्षं गेलीत माझी, अर्ज कसा करायचा मला शिकवायला नको."

गेल्या असत्या रे त्या. डोळ्यांत दिसत होतं. आणि पहिलं नाव तुझं निघालं असतं, दुसरं तुझ्या आईचं. अवनीची शाळा, तुझा पास, म्हातारीची कानाची मशिनं, सगळं त्या खाकी पाकिटात होतं. दुसरीकडे फक्त एक बाई, जिला वाटत होतं की गावाला ती नको होती. मी मोजलं. मला तेवढंच येतं. आणि मोजून मी पर्सची चेन लावली.

झेरॉक्सचे दोन रुपये झाले. मी दहाची नोट दिली, त्यांनी आठ परत दिले, मोजून.

तुला मी परत आल्यावर लिफ्टमध्ये म्हटलं, "भेटले मी त्यांना." तू विचारलंस, "बऱ्या आहेत?" मी म्हटलं, "दुकान छान चाललंय." तू मान हलवलीस, मी चौथ्यावर उतरायचं विसरले, आणि तू सातव्या मजल्यावर उतरलास, इतका हलका होऊन की अवनीला हाक मारताना शीळ घातलीस. त्या दिवसापासून मी जिन्याने जाते.

जूनमध्ये तुझा पास झाला. तू आम्हाला पेढे दिलेस.

पाकीट माझ्या कपाटात आहे, दुसऱ्या खणात, माझ्या व्हिजिट पासच्या कागदांखाली. चिकटपट्टीसुद्धा तू लावलीस तशीच आहे. जानेवारीत मी पुन्हा पुण्याला जाणार आहे. विमानाचं तिकीट मुलाने, निशिकांतने, काढून ठेवलंय. तिथून पुढच्या एसटीचं मी कोणाला काही बोललेली नाही.